लहान इंटरनेट सेवापुरवठादाराच्या जाळ्यावरील व्हिडिओ वाहतुकीचे मोजमाप

व्हिडिओ वाहतुकीचे मोजमाप म्हणजे इंटरनेट सेवापुरवठादाराच्या जाळ्यातून वाहणाऱ्या एकूण डेटापैकी किती डेटा व्हिडिओ स्ट्रीमिंगचा आहे, तो कोणत्या सेवेकडून, कोणत्या मार्गाने आणि कोणत्या वेळी येतो, हे निश्चित करण्याची प्रक्रिया होय. काही शे ते काही हजार ग्राहक असलेल्या लहान सेवापुरवठादारासाठी हे मोजमाप थेट खर्चाशी निगडित असते. किती बँडविड्थ विकत घ्यायची, कोणत्या विनिमय केंद्राशी जोडणी करायची, स्वतःच्या जाळ्यात कॅश सर्व्हर बसवायचा की नाही, हे निर्णय त्यावर अवलंबून असतात. मोजमाप चुकीच्या ठिकाणी किंवा चुकीच्या रीतीने केल्यास व्हिडिओचे प्रमाण प्रत्यक्षाच्या निम्मेही दिसू शकते.

पार्श्वभूमी

यूट्यूबची स्थापना २००५ मध्ये झाली. नेटफ्लिक्सने २००७ मध्ये स्ट्रीमिंग सेवा सुरू केली. भारतात हॉटस्टार २०१५ मध्ये सुरू झाले आणि नेटफ्लिक्स जानेवारी २०१६ मध्ये आले. इंटरनेट वाहतुकीचा अभ्यास करणाऱ्या सँडव्हाइन या कंपनीच्या २०१८ च्या अहवालानुसार जगभरातील ग्राहकांकडे येणाऱ्या वाहतुकीत व्हिडिओचा वाटा सुमारे ५८ टक्के आणि एकट्या नेटफ्लिक्सचा वाटा सुमारे १५ टक्के होता.

दूरचित्रवाणीच्या प्रक्षेपणात एकच संकेत सर्व प्रेक्षकांपर्यंत पोहोचतो. इंटरनेटवरील स्ट्रीमिंगमध्ये मात्र सामान्यतः प्रत्येक प्रेक्षकासाठी डेटाची स्वतंत्र प्रत पाठवली जाते. एकाच इमारतीतील दहा घरांत एकच सामना पाहिला जात असला, तरी सेवापुरवठादाराच्या जाळ्यातून त्याच्या दहा प्रती जातात. त्यामुळे प्रेक्षकसंख्या वाढली की वाहतूक त्याच प्रमाणात वाढते.

आधुनिक स्ट्रीमिंगमध्ये व्हिडिओचे काही सेकंदांचे तुकडे केलेले असतात आणि प्रत्येक तुकडा वेगवेगळ्या दर्जांत साठवलेला असतो. ग्राहकाचे उपकरण उपलब्ध वेगानुसार पुढील तुकड्याचा दर्जा निवडते. अ‍ॅपलची २००९ मधील एचएलएस आणि २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक म्हणून प्रसिद्ध झालेली एमपेग-डॅश या दोन्ही पद्धती याच तत्त्वावर चालतात. तुकडा वेगाने उतरतो, मग काही सेकंद शांतता असते आणि पुन्हा पुढचा तुकडा येतो. एका ग्राहकाची वाहतूक म्हणूनच सलग रेषेसारखी न दिसता दातेरी दिसते. हजारो ग्राहक एकत्र आले की हे दाते परस्परांत मिसळून आलेख गुळगुळीत होतो.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट लक्षात येते. जोडणी अपुरी पडल्यास उपकरणे आपोआप कमी दर्जाचा व्हिडिओ मागतात. अशा वेळी मोजलेली वाहतूक ही ग्राहकांची खरी मागणी नसून केवळ जाळ्याची मर्यादा असते. आलेखाचा माथा रोज रात्री सपाट दिसत असेल, तर ती मागणी स्थिर असल्याची खूण नसून जोडणी भरल्याची खूण असू शकते.

एकके

वाहतूक दोन प्रकारे व्यक्त केली जाते. ठरावीक काळात वाहून गेलेला एकूण डेटा गिगाबाइटमध्ये, तर वेग मेगाबिट किंवा गिगाबिट प्रति सेकंद या एककात मोजतात. एक बाइट म्हणजे आठ बिट. नेटफ्लिक्सने ग्राहकांसाठी दिलेल्या माहितीनुसार साध्या दर्जाच्या व्हिडिओसाठी तासाला सुमारे १ गिगाबाइट, उच्च दर्जासाठी ३ गिगाबाइटपर्यंत आणि अतिउच्च दर्जासाठी ७ गिगाबाइटपर्यंत डेटा लागतो. वेगात रूपांतर केल्यास हे आकडे अनुक्रमे सुमारे २.२, ६.७ आणि १५.६ मेगाबिट प्रति सेकंद एवढे होतात.

ग्राहकासाठी एकूण डेटा महत्त्वाचा असतो, तर सेवापुरवठादाराच्या जोडण्यांची क्षमता गर्दीच्या वेळच्या वेगावरून ठरते. पहाटे चार वाजता वापरलेल्या गिगाबाइटसाठी त्याला सहसा नवीन क्षमता विकत घ्यावी लागत नाही. रात्री साडेनऊ वाजता वापरलेल्या गिगाबाइटसाठी मात्र घ्यावी लागते.

मोजमापाच्या पद्धती

काउंटर वाचन

राउटर आणि स्विच यांच्या प्रत्येक पोर्टवर आत आलेल्या व बाहेर गेलेल्या बाइटची मोजदाद ठेवणारे काउंटर असतात. ते एसएनएमपी या १९८८ मध्ये प्रथम मांडल्या गेलेल्या नियमावलीद्वारे दूरवरून वाचता येतात. दर पाच मिनिटांनी वाचन घेऊन दोन वाचनांतील फरकाला कालावधीने भागले की सरासरी वेग मिळतो. टोबियस ओटिकर यांनी १९९५ मध्ये तयार केलेल्या एमआरटीजी या मुक्त प्रणालीमुळे ही पद्धत सर्वदूर पोहोचली. कॅक्टाय आणि लिब्रेएनएमएस या नंतरच्या प्रणालीही याच पद्धतीवर उभ्या आहेत.

काउंटर किती बिटचा आहे हे तपासणे आवश्यक असते. ३२ बिटचा काउंटर सुमारे ४.२९ अब्ज बाइटनंतर पुन्हा शून्यावर येतो. १०० मेगाबिट प्रति सेकंद वेगाने भरलेल्या जोडणीवर यासाठी सुमारे ३४४ सेकंद लागतात. १ गिगाबिट वेगाने भरलेल्या जोडणीवर केवळ ३४ सेकंद. पाच मिनिटांच्या अंतराने वाचन घेतल्यास दुसऱ्या उदाहरणात काउंटर मधल्या काळात अनेकदा शून्यावर येऊन गेलेला असतो आणि आलेखात वाहतूक प्रत्यक्षापेक्षा पुष्कळ कमी दिसते. यावर उपाय म्हणून ६४ बिटचे काउंटर वापरतात. १० गिगाबिट वेगानेही ते भरण्यास चारशेहून अधिक वर्षे लागतील.

काउंटर अचूक असले तरी किती डेटा गेला एवढेच ते सांगतात. तो डेटा व्हिडिओचा होता की अन्य कशाचा, हे त्यावरून कळत नाही.

फ्लो नोंदी

एकाच उगमाकडून एकाच गंतव्याकडे, एकाच पोर्ट जोडीने व एकाच प्रोटोकॉलने जाणाऱ्या पॅकेटच्या मालिकेला फ्लो असे म्हणतात. राउटर प्रत्येक फ्लोची संक्षिप्त नोंद तयार करून संग्राहक संगणकाकडे पाठवतो. सिस्को कंपनीने १९९० च्या दशकात आणलेली नेटफ्लो पद्धत आणि तिच्या नवव्या आवृत्तीवर आधारलेले आयपीफिक्स हे मानक यासाठी प्रचलित आहे. लहान सेवापुरवठादारांकडे आढळणाऱ्या मायक्रोटिक राउटरमध्येही ही सोय असते. एनएफडम्प, पीएमअ‍ॅक्ट आणि एनटॉप-एनजी यांसारख्या मुक्त प्रणालींच्या साहाय्याने नोंदींचे विश्लेषण करता येते.

फ्लो नोंदीत डेटाचा आशय नसतो. पत्ते, पोर्ट, बाइट, पॅकेट आणि वेळ एवढीच माहिती असते. येथे कालमर्यादेचे नियोजन महत्त्वाचे ठरते. काही राउटरमध्ये चालू असलेल्या फ्लोची नोंद मूळ मांडणीनुसार ३० मिनिटांनी पाठवली जाते. चित्रपट पाहताना तेवढा वेळ एकच फ्लो चालू राहू शकतो आणि मग अर्ध्या तासाचा डेटा आलेखात एकाच पाच मिनिटांच्या खणात येऊन पडतो. त्यामुळे ही मर्यादा एक मिनिटावर आणण्याची पद्धत आहे. राउटर आणि संग्राहक यांची घड्याळे एकमेकांशी जुळलेली असणेही गरजेचे असते.

नमुना पद्धत

वेगवान जोडणीवर प्रत्येक पॅकेटची नोंद ठेवणे राउटरला झेपत नाही. अशा वेळी, उदाहरणार्थ, दर हजार पॅकेटमागे सरासरी एक पॅकेट यादृच्छिकपणे निवडून आलेल्या संख्येला हजारने गुणले जाते. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेली एसफ्लो पद्धत या तत्त्वावर आधारलेली आहे. या अंदाजातील कमाल संभाव्य त्रुटी, ९५ टक्के विश्वासाच्या पातळीवर, १९६ या संख्येला नमुन्यांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागून टक्क्यांत मिळते.

एखाद्या सेवेची वाहतूक २ गिगाबिट प्रति सेकंद असेल आणि पॅकेटचा सरासरी आकार १,२५० बाइट धरला, तर पाच मिनिटांत सुमारे ६ कोटी पॅकेट जातात. हजारात एक या प्रमाणात ६०,००० नमुने मिळतात आणि त्रुटी एक टक्क्याच्या आत राहते. तेवढ्याच काळात केवळ ४ मेगाबिट वाहतूक असलेल्या सेवेचे मात्र सुमारे १२० नमुने मिळतात व त्रुटी जवळपास १८ टक्क्यांपर्यंत जाते. म्हणजेच मोठ्या सेवांचा वाटा नमुना पद्धतीने विश्वासार्हपणे कळतो. एका ग्राहकाचे किंवा छोट्या सेवेचे आकडे मात्र दीर्घ काळाची बेरीज केल्याशिवाय ग्राह्य धरता येत नाहीत.

पॅकेटचे सखोल निरीक्षण

या पद्धतीत पॅकेटच्या आतील भाग तपासून सेवा ओळखली जाते. आज बहुतेक व्हिडिओ कूटबद्ध स्वरूपात येत असल्याने आशय वाचता येत नाही. तथापि जोडणी सुरू होताना उपकरण ज्या सर्व्हरचे नाव पाठवते, ते अनेकदा उघड असते. यूट्यूबच्या व्हिडिओसाठी गूगलव्हिडिओ डॉट कॉम आणि नेटफ्लिक्ससाठी एनएफएलएक्सव्हिडिओ डॉट नेट या नावांवरून सेवा ओळखता येते. २०२१ मध्ये मानक झालेल्या क्विक प्रोटोकॉलमध्ये हे नाव साध्या नजरेला दिसत नसले, तरी पहिल्या पॅकेटची किल्ली त्याच पॅकेटमधील माहितीवरून काढता येत असल्याने निरीक्षकाला ते मिळवता येते. सर्व्हरचे नावही कूटबद्ध करणारी नवी तंत्रे जसजशी रुळतील, तसतशी ही वाट अरुंद होत जाईल.

व्हिडिओ ओळखण्यातील अडचणी

फ्लो नोंदीतील पत्ता कोणत्या स्वायत्त जाळ्याचा आहे हे पाहून सेवेचा अंदाज बांधता येतो. प्रत्येक स्वायत्त जाळ्याला एक क्रमांक असतो. उदाहरणार्थ, गूगलचा १५१६९, नेटफ्लिक्सचा २९०६ आणि मेटाचा ३२९३४. परंतु या पद्धतीला पुढील मर्यादा आहेत.

* एकाच जाळ्यातून अनेक प्रकारचा डेटा येतो. गूगलच्या पत्त्यांवरून यूट्यूबबरोबरच अ‍ॅप, नकाशे आणि साठवणुकीच्या फायलीही येतात. मेटाच्या वाहतुकीत छायाचित्रे व लघुचित्रफिती यांची स्पष्ट विभागणी करता येत नाही.
* अकामाई किंवा अ‍ॅमेझॉनसारख्या वितरण जाळ्यांचे सर्व्हर अनेक ग्राहक कंपन्यांसाठी सामाईक असतात. त्यांवरून आलेला डेटा व्हिडिओ असू शकतो, तसाच संगणक प्रणालीचा अद्ययावत संचही असू शकतो.
* सेवापुरवठादाराच्या जाळ्यात बसवलेले गूगल आणि नेटफ्लिक्स यांचे कॅश सर्व्हर सेवापुरवठादाराचेच पत्ते वापरतात. त्यामुळे स्वायत्त जाळ्याच्या क्रमांकावरून पाहता हा व्हिडिओ स्थानिक वाहतूक म्हणून नोंदला जातो.
* आभासी खासगी जाळ्यातून पाहिलेला व्हिडिओ मूळ सेवेच्या नावे दिसत नाही.

या कारणांमुळे अहवालात निश्चित व्हिडिओ, संभाव्य व्हिडिओ आणि अनिश्चित असे तीन वर्ग ठेवणे अधिक योग्य ठरते. क्विक प्रोटोकॉलची सर्व वाहतूक व्हिडिओ समजणे, किंवा मोठा फ्लो म्हणजे व्हिडिओच असे मानणे, या नेहमी होणाऱ्या चुका आहेत.

मोजमापाचे ठिकाण

लहान सेवापुरवठादाराकडे व्हिडिओ साधारणपणे तीन मार्गांनी येतो: मोठ्या सेवापुरवठादाराकडून विकत घेतलेली अपस्ट्रीम जोडणी, इंटरनेट विनिमय केंद्रावरील पिअरिंग आणि जाळ्यातच बसवलेले कॅश सर्व्हर. नेटफ्लिक्सने २०१२ मध्ये ओपन कनेक्ट हा उपक्रम जाहीर केला. त्यात पात्र सेवापुरवठादारांना कॅश सर्व्हर दिले जातात. ते सर्व्हर मागणीचा अंदाज घेऊन कमी गर्दीच्या वेळी आधीच भरून ठेवले जातात. गूगलचे कॅश सर्व्हर मुख्यतः मागणी येईल तसा आशय आणून साठवतात.

केवळ अपस्ट्रीम जोडणी मोजल्यास कॅश सर्व्हरमधून गेलेला व्हिडिओ दिसतच नाही. त्यामुळे एकूण वाहतूक पुढील सूत्राने काढतात:

ग्राहकांपर्यंत पोहोचलेली वाहतूक = अपस्ट्रीम + पिअरिंग + कॅशमधून निघालेली वाहतूक − कॅश भरण्यासाठी बाहेरून आलेली वाहतूक

शेवटचे पद वजा न केल्यास तोच डेटा दोनदा मोजला जातो. एकच पॅकेट दोन राउटरवर किंवा एकाच राउटरच्या दोन पोर्टवर नोंदले गेल्यानेही दुहेरी मोजणी होते. म्हणून फ्लो नोंदी फक्त जाळ्याच्या सीमेवर व कॅशच्या पोर्टवर, आणि आत येणाऱ्या दिशेनेच घेण्याची प्रथा आहे.

उदाहरण

पुढील आकडे केवळ स्पष्टीकरणासाठी घेतले आहेत. एका सेवापुरवठादाराचे ४,००० ग्राहक आहेत. रात्री साडेनऊ वाजता अपस्ट्रीमवर ३.२ गिगाबिट, पिअरिंगवर ०.६ गिगाबिट आणि कॅशमधून २.४ गिगाबिट प्रति सेकंद वाहतूक आहे. अपस्ट्रीमपैकी ०.२ गिगाबिट कॅश भरण्यासाठी वापरली जात आहे. सूत्रानुसार ग्राहकांपर्यंत ६.० गिगाबिट, म्हणजे प्रत्येक ग्राहकामागे सरासरी १.५ मेगाबिट वाहतूक पोहोचते.

कॅश भरण्याचा डेटा सोडल्यास अपस्ट्रीमवर ०.९ गिगाबिट व्हिडिओ आढळला. केवळ तेवढेच पाहिले तर व्हिडिओचा वाटा २८ टक्के भरतो. पिअरिंगवरील सर्व ०.६ गिगाबिट आणि कॅशमधील २.२ गिगाबिट व्हिडिओ धरल्यास एकूण व्हिडिओ ३.७ गिगाबिट, म्हणजे सुमारे ६२ टक्के होतो. पहिल्या आकड्यावर विसंबणारा सेवापुरवठादार कॅश सर्व्हरचे महत्त्व ओळखू शकणार नाही. तो सर्व्हर बंद पडल्यास २.४ गिगाबिटची मागणी एकदम अपस्ट्रीमवर येईल, याची तयारीही त्याच्याकडे नसेल.

पडताळणी

फ्लो नोंदींची बेरीज त्याच पोर्टच्या काउंटरशी ताडून पाहिली जाते. दोहोंत थोडा फरक असणे स्वाभाविक आहे. फ्लो नोंदीत इंटरनेट प्रोटोकॉलचे बाइट मोजले जातात, तर पोर्टचा काउंटर ईथरनेटचे वेष्टनही मोजतो. १,५०० बाइटच्या पॅकेटला हे वेष्टन १८ बाइटचे, म्हणजे सुमारे १.२ टक्के असते. लहान पॅकेटसाठी त्याचे प्रमाण वाढते. फ्लोची बेरीज काउंटरपेक्षा दहा-वीस टक्क्यांनी कमी येत असेल, तर मात्र नोंदी वाटेत गळत आहेत, नमुन्याचे प्रमाण चुकीचे नोंदले आहे किंवा आयपीव्ही६ वाहतूक मोजलीच जात नाही, अशी शक्यता तपासावी लागते. शेवटचे कारण व्हिडिओच्या बाबतीत विशेष महत्त्वाचे आहे, कारण यूट्यूब व नेटफ्लिक्स या दोन्ही सेवा आयपीव्ही६ वरून उपलब्ध आहेत.

खर्चाशी संबंध

बँडविड्थचे देयक अनेक ठिकाणी ९५ व्या शततमकावर आकारले जाते. तीस दिवसांच्या महिन्यात पाच मिनिटांची ८,६४० वाचने होतात. त्यांतील सर्वोच्च ५ टक्के, म्हणजे ४३२ वाचने वगळून उरलेल्यांतील सर्वांत मोठ्या वाचनावर देयक ठरते. वगळलेला काळ ३६ तासांचा असतो. महिन्यातून एखाद-दुसऱ्या वेळी चार तासांच्या क्रिकेट सामन्यामुळे आलेला उच्चांक या सवलतीत सामावतो. रोज रात्री तीन तास टिकणारी व्हिडिओची गर्दी महिन्याला ९० तास होत असल्याने तिच्यातून मात्र सुटका होत नाही. कॅश किंवा पिअरिंगचा लाभ मोजताना एकूण किती गिगाबाइट वाचले यापेक्षा गर्दीच्या वेळचा वेग कितीने उतरला, हे पाहणे म्हणूनच आवश्यक ठरते.

भारतातील स्थिती

भारतात इंटरनेट सेवापुरवठादारांचे परवाने अ, ब आणि क अशा तीन वर्गांत दिले जातात. अ वर्गाचे क्षेत्र संपूर्ण देश, ब वर्गाचे एक दूरसंचार मंडळ किंवा महानगर आणि क वर्गाचे सर्वसाधारणपणे एका जिल्ह्याएवढे असते. महाराष्ट्र मंडळात गोव्याचा समावेश होतो; मुंबई हे स्वतंत्र क्षेत्र आहे. केबल दूरचित्रवाणीचे स्थानिक चालक इंटरनेट सेवेत उतरल्याने लहान सेवापुरवठादारांचा वर्ग वाढला. देशांतर्गत वाहतुकीच्या देवाणघेवाणीसाठी २००३ मध्ये भारतीय राष्ट्रीय इंटरनेट विनिमय केंद्राची (निक्सी) स्थापना झाली. मुंबईत त्याखेरीज डीई-सीआयएक्स आणि एक्स्ट्रीम आयएक्स यांची विनिमय केंद्रेही आहेत.

क्रिकेटच्या थेट प्रक्षेपणामुळे भारतीय जाळ्यांवर अल्पावधीत मोठा भार येतो. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी विश्वचषकाचा अंतिम सामना डिझ्नी प्लस हॉटस्टारवर एकाच वेळी सुमारे ५.९ कोटी प्रेक्षक पाहत असल्याची नोंद झाली. थेट प्रक्षेपण आधीच भरून ठेवता येत नाही. त्यामुळे चित्रपटांच्या वाहतुकीवरून सामन्याच्या रात्रीचा अंदाज बांधता येत नाही.

कोविड-१९ च्या टाळेबंदीच्या सुरुवातीस, मार्च २०२० मध्ये, भारतातील प्रमुख व्हिडिओ कंपन्यांनी मोबाइल जाळ्यांवर व्हिडिओचा दर्जा १४ एप्रिलपर्यंत ४८० पीपर्यंत मर्यादित ठेवण्याचे मान्य केले. युरोपात नेटफ्लिक्सने वाहतूक सुमारे २५ टक्क्यांनी कमी करण्यासाठी ३० दिवस दर्जा घटवला होता.

गोपनीयता आणि जाळे-तटस्थता

फ्लो नोंदींवरून एखादे कुटुंब किती वाजता काय पाहते, याचा अंदाज बांधता येतो. क्षमतेच्या नियोजनासाठी इतक्या तपशिलाची गरज नसते. त्यामुळे ग्राहकाचा पत्ता झाकणे, सेवा व वेळ यांनुसार बेरीज करून मूळ नोंदी लवकर नष्ट करणे आणि नोंदी पाहण्याचा अधिकार मोजक्या व्यक्तींपुरता ठेवणे, हे उपाय योजले जातात. परवान्यातील अटींनुसार जतन करायच्या नोंदी यांहून वेगळ्या असतात. भारतात डिसेंबर २०२१ मधील दुरुस्तीनंतर त्यांची किमान मुदत दोन वर्षे आहे. दोन्ही प्रकारच्या नोंदी एकत्र ठेवल्यास नियोजनासाठी जमवलेली माहिती अन्य कारणांसाठी वापरली जाण्याचा धोका वाढतो. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी भारतात २०२३ मध्ये स्वतंत्र कायदा संमत झाला आहे.

मोजमाप आणि नियंत्रण यांतील सीमाही महत्त्वाची आहे. व्हिडिओ किती आहे हे जाणून घेणे वेगळे आणि विशिष्ट कंपनीचा व्हिडिओ मुद्दाम मंद करणे वेगळे. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ८ फेब्रुवारी २०१६ रोजी आशयानुसार वेगवेगळे दर आकारण्यास मनाई केली. जुलै २०१८ मध्ये दूरसंचार विभागाने जाळे-तटस्थतेच्या शिफारशी स्वीकारल्या. त्यांनुसार वाहतुकीचे वाजवी व्यवस्थापन करण्यास मुभा आहे. मात्र ते प्रमाणशीर, तात्पुरते आणि पारदर्शक असावे लागते. जोडणी खरोखर भरली होती की नाही, हे दाखवण्यासाठीही अखेर विश्वासार्ह मोजमापच लागते.

हे सुद्धा पहा

* इंटरनेट विनिमय केंद्र
* आशय वितरण जाळे
* जाळे-तटस्थता
* इंटरनेट प्रोटोकॉल